घाई कमी कशी केलीत? ('ध्यान करा' सोडून काहीही सांगा)

वळणवाट

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग साधारण ९५ किलोमीटरचा. ताशी १०० ने सलग गेलं तर ५७ मिनिटं, १२० ने गेलं तर साडेसत्तेचाळीस. म्हणजे नियम मोडून, लेन कापत, पुढच्याच्या आरशात हेडलाइट मारत केलेली सगळी कमाई कागदावर साडेनऊ मिनिटं. त्यातून घाटातली वेगमर्यादा, टोलनाक्याची रांग आणि ट्रकामागे ट्रक वजा करा. उरलंसुरलं फूड मॉलवर वडापावाच्या काउंटरला जातं.

वेगाचं गणित फार फसवं आहे. दहा किलोमीटर जायचंय. ताशी २० च्या ऐवजी ३० ने गेलात तर दहा मिनिटं वाचतात. ४० चे ५० केलेत तर तीन मिनिटं. ९० चे १०० केलेत तर फक्त चाळीस सेकंद. वाढवलेला वेग तेवढाच, दहाचाच. पण आपल्याला वाटतं की जितकं सुसाट तितकी बचत जास्त.

हे गणित नववीतल्या मुलालाही येतं, पण म्हणून कोणाचा पाय ॲक्सिलरेटरवरून उठत नाही. विमान उतरल्यावर पट्ट्याचा दिवा विझायच्या आत आख्खं विमान उभं राहतं आणि सामानाच्या कप्प्याखाली माना वाकड्या करून पंधरा मिनिटं तसंच राहतं. लिफ्टचं बटण पेटलेलं दिसत असतानाही आपण ते पुन्हा दाबतो. मावशीचा व्हॉइस मेसेज दुप्पट वेगाने ऐकतो, मावशी बिचारी आजारपणाबद्दल सांगत असली तरी.

तर प्रश्न असा की ज्यांना खरोखर संथ व्हायला जमलंय, थोडंफार का होईना, त्यांना ते कशामुळे जमलं? 'ध्यान करा', 'निसर्गाच्या सान्निध्यात जा', 'मोबाइल बंद ठेवा' हे तीन सल्ले बाद. ते सगळ्यांना पाठ आहेत. तुमच्या कामात, घरात, रस्त्यावर नेमकं काय झालं ते लिहा.

तिरकस

धागा लांब वाटला म्हणून थेट प्रतिसाद वाचायला खाली आलो. एकही नव्हता. आता वर जाऊन वाचतो.

कलमवाला

आमचा धंदा आंब्याचा, रत्नागिरीकडे. संयमावर व्याख्यान द्यायचा हक्क आम्हालाच असायला हवा, पण तसं नाही. सांगतो.

हापूस झाडावर पिकू देत नाहीत. सोळापैकी 'चौदा आणे' तयार झाला की झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, देठासकट उतरवायचा, मग पेंढ्याच्या अढीत पिकायला घालायचा. हवेप्रमाणे आठ-दहा दिवस लागतात. मधूनमधून अढी उघडून फळं वरखाली करायची, डागी बाजूला काढायची. तयार झाल्याची खूण वास आणि देठाजवळची साल. अंगठ्याने दाबून बघणाऱ्याला आमच्याकडे अढीजवळ उभं करत नाहीत.

यात घाई कुठे शिरते? भावात. हंगामाच्या सुरुवातीला वाशीच्या बाजारात पेटीला जो दर मिळतो तो मे महिन्यात मिळत नाही. मग बारा आण्यांचाच आंबा उतरवतात. तो नीट पिकत नाही म्हणून पूर्वी सर्रास कार्बाइडच्या पुड्या ठेवायचे. फळ दोन दिवसांत पिवळंधमक, आत आंबट आणि पांढरट. कॅल्शियम कार्बाइडवर बंदी आहे. कायद्याने परवानगी आहे ती इथिलीन वायूच्या रायपनिंग चेंबरला, तीही १०० पीपीएमपर्यंत, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग. इथिलीन आंबा पिकताना स्वतःच सोडतो, त्यामुळे तो प्रकार निदान फळाच्या वळणाने जातो. पण तिथेही कोवळा आंबा घातलात तर रंग येईल, गोडी कुठून येणार?

म्हणजे घाई आंब्याला नाही, आम्हालाही नाही. जो थांबेल त्याला कमी पैसे, असा बाजार आहे. गिऱ्हाइकाला पाडव्याला आमरस हवा आणि तोही अस्सल हवा. पेटी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी फोन येतो, "अहो, आंबे कडक आहेत." अहो, म्हणूनच पेंढा घालून पाठवलेत ना!

बोबडे_बोल

मी स्पीच थेरपिस्ट आहे. धाग्याच्या विषयाशी माझ्या कामाचा रोजचा संबंध येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अडखळत बोलणाऱ्या लहान मुलांना घेऊन पालक येतात. सगळ्यांचं पहिलं वाक्य जवळपास सारखं असतं: "आम्ही त्याला सारखं सांगतो, सावकाश बोल, श्वास घे, मनात वाक्य तयार कर आणि मग बोल." आणि आमचं पहिलं काम म्हणजे त्यांचं हे सांगणं थांबवणं. त्याने फायदा होत नाही. उलट आपल्या बोलण्यात काहीतरी बिघाड आहे हे मुलाला कळतं, आणि अडखळण्याच्या जोडीला बोलायची धास्ती येते.

मग करायचं काय? मुलाला काही सांगायचं नाही. आपण हळू बोलायचं. एक वाक्य झाल्यावर दुसरं सुरू करण्याआधी थोडं थांबायचं. त्याचं बोलून झालं की लगेच उत्तर द्यायचं नाही, एक-दोन सेकंद जाऊ द्यायचे. तो शब्दावर अडकला तर तो शब्द आपण पुरवायचा नाही. त्याच्याकडे बघत राहायचं, चेहरा नेहमीसारखा ठेवून. प्रश्नांची सरबत्ती कमी करायची. शाळेतून आल्या आल्या "डबा खाल्ला का, बाई काय म्हणाल्या, गृहपाठ काय" हे तिन्ही एका दमात विचारायचं नाही.

ऐकायला सोपं आहे. करून बघा. उत्तरापूर्वीचे दोन सेकंद फार मोठे असतात. आपल्याकडे घरात दोन सेकंद शांतता पसरली म्हणजे काहीतरी बिनसलंय असंच वाटतं. एका सत्रात मी पालकांचं आणि मुलाचं बोलणं रेकॉर्ड करून त्यांनाच ऐकवते. बहुतेक आईवडिलांना तेव्हा पहिल्यांदा कळतं की मुलाचं वाक्य संपायच्या आतच त्यांचं सुरू झालेलं असतं.

माझ्यापुरतं उत्तर: "शांत हो, शांत हो" असं स्वतःला बजावून मी एकदाही शांत झालेले नाही. पण समोर अडखळणारं मूल बसलं की माझा वेग आपोआप उतरतो, कारण मी घाई केली तर त्याचा परिणाम समोरच्या चेहऱ्यावर त्याच क्षणी दिसतो. घरी नवऱ्याशी बोलताना हेच जमतं का, याची चौकशी कृपया करू नये.

तिरकस

नवऱ्याच्या चेहऱ्यावर परिणाम दिसायचा कधीच बंद झालेला असतो, म्हणून जमत नसेल.

आठ_बाराची_लोकल

वर कलमवाल्यांनी बाजाराचं लिहिलं ते पटलं. मी डोंबिवली ते दादर करतो. दादरला गाडी वीस-तीस सेकंद थांबते. तेवढ्यात शंभरेक माणसं उतरणार आणि तेवढीच चढणार. तिथे "आधी उतरू द्या" वगैरे फलक भिंतीवर शोभतात.

मजा पुढे आहे. आमच्या डब्यात भजनी मंडळ आहे. टाळ, छोटी ढोलकी, सगळं. दारात ज्याने माझ्या बरगडीत कोपर घातलं तोच माणूस आत शिरून डोळे मिटून अभंगाचा ठेका धरतो. घामाने निथळतोय, एका पायावर उभा आहे, आणि कोणाचा धक्का लागला तरी "चालू द्या माउली" म्हणतो. मग हा माणूस उतावळा की संयमी? मला वाटतं दोन्ही नाही. प्लॅटफॉर्मवर त्याला ठाऊक असतं की पुढची गाडी कदाचित रद्द असेल, असलीच तर याहून भरलेली असेल. आत शिरला की तो प्रश्न मिटतो.

बँकेत टोकन सुरू झालं तेव्हाही हेच पाहिलं. तीच माणसं, तेवढाच वेळ, पण आपला नंबर कोणी खाणार नाही एवढी खात्री झाली आणि काउंटरवरची ढकलाढकल संपली. लोक निवांत बाकावर बसून पेपर वाचायला लागले. तेव्हा स्वभाव सुधारायचे धागे काढण्याआधी इंडिकेटरवर गाडीची खरी वेळ दाखवा.

सहज_सुचलं

लोकलकर, तुमच्या म्हणण्याला प्रयोगाचा आधार आहे.

मार्शमॅलोचा प्रयोग बहुतेकांनी ऐकलेला असतो. स्टॅनफर्डमध्ये वॉल्टर मिशेल यांनी १९६० च्या दशकाअखेरीस आणि पुढे केलेला. मुलासमोर एक खाऊ ठेवायचा, "मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील" असं सांगून बाहेर जायचं. जी मुलं थांबली त्यांचं पुढे अभ्यासात बरं चाललं, असं पाठपुराव्यात दिसलं. यावरून पालकत्वाच्या व्याख्यानांत जे काही ऐकवलं जातं ते तुम्हाला माहीत आहेच.

पुढची गोष्ट कमी सांगितली जाते. २०१३ साली रॉचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी एक बदल केला. खाऊच्या आधी मुलांना चित्र काढायला बसवलं आणि "थांब, याहून छान खडू आणते" असं सांगितलं. अर्ध्या मुलांना खडू खरंच आणून दिले. उरलेल्यांना "नाहीत गं, राहू दे" म्हणून सांगितलं. मग नेहमीचा प्रयोग. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता ती मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली. ज्यांना फसवलं होतं ती तीन मिनिटं. मुलं मोजकीच होती, २८, पण फरक केवढा! नंतर २०१८ मध्ये बऱ्याच मोठ्या गटावर तपासलं तेव्हा घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर थांबण्याचा आणि पुढच्या यशाचा संबंध खूपच क्षीण झाला.

ज्या घरात 'उद्या आणू' म्हणजे कधीच नाही, तिथलं मूल आज हातातलं खाऊन टाकतं. त्याला हावरट म्हणायचं की हुशार, तुम्हीच ठरवा.

काळी_माती

बार्शीकडचा आहे. शेतकऱ्याला लोक उगीच संयमाचा पुतळा करतात, म्हणून लिहितो.

मोठा पाऊस पडून गेला की लगेच रानात जाता येत नाही. वाफसा यावा लागतो. जास्तीचं पाणी निथळून माती ना चिखल ना कोरडी, अशी व्हावी लागते. मूठभर माती दाबली की गोळा झाला पाहिजे आणि तोच गोळा खाली टाकला की फुटला पाहिजे. आमच्या काळ्या रानाला वाफसा यायला हलक्या रानापेक्षा जास्त दिवस लागतात. त्याआधी ट्रॅक्टर घातला की माती दबते, वाळली की ढेकळं होतात, पुढं वर्षभर निस्तरत बसा.

पेरणीचंही तसंच. कृषी विभाग दरवर्षी कानीकपाळी ओरडतो, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. पण मृगाचे दोन सपाटे झाले की शेजारच्याची तिफण (पेरणीचं औत) निघते आणि मग गावात कुणालाच दम निघत नाही. पुढं पंधरा दिवस उघडीप पडली की दुबार पेरणी. बियाणं गेलं, खत गेलं, मजुरी गेली.

आता शहाणपण सांगणाऱ्याला वाटंल की शेजाऱ्याकडं बघू नये, थांबावं. पण भाऊ, सोयाबीन जुलैच्या मध्यापर्यंत जमिनीत गेलं नाही तर उतारा घटतो. ट्रॅक्टर भाड्याचा असतो, त्याला सगळीकडून एकाच दिवशी बोलावणं येतं. थांबून पाऊस लागून राहिला तर तो गडी गेला दुसरीकडं. म्हणजे लवकर पेरलं तर धोका आणि थांबलं तरी धोका. थांबणं म्हणजे बांधावर निवांत बसणं नसतं, रोज सकाळी माती मुठीत घेऊन बघणं असतं. माझा बाप मोबाइलमधला हवामानाचा अंदाज दिवसातून दहा वेळा बघतो, आणि तरी माती बघितल्याशिवाय निर्णय घेत नाही.

वळणवाट

काळी_माती, हा प्रतिसाद कापून ठेवण्यासारखा आहे. 'काहीच न करता थांबणं' आणि 'रोज माती बघत थांबणं' यांतला फरक मला नीट सांगता येत नव्हता.

मिरची_ठेचा

मला वाटलंच होतं की हळूहळू धागा गावाकडे वळणार. आता कोणीतरी पाट्यावरच्या वाटणाची चव, चुलीवरची भाकरी आणि आजीच्या काळातला निवांतपणा घेऊन येईल. आलंच तर आधीच सांगते: तो निवांतपणा ओटीवर होता. स्वयंपाकघरात नव्हता.

माझी आई पुरण पाट्यावर वाटायची. कटाची आमटी, पोळ्या, पंधरा माणसं. जेवून सुस्तावलेले पुरुष "आता तशी चव नाही" म्हणतात तेव्हा मला त्यांच्या हातात वरवंटा द्यावासा वाटतो. मिक्सर आला, कुकर आला, तेव्हा कुठे आईला संध्याकाळी वाचनालयात जाता आलं. तिच्या आयुष्यात जो काही संथपणा आला तो यंत्रांच्या घाईमुळे आला. तेव्हा संथ जगण्याचं कौतुक करताना राबतंय कोण, एवढं बघा.

पुरणयंत्र

ठेचाताई, मुद्दा मान्य, पण सगळी संथ कामं वरवंट्याची नसतात. विरजण लावायला दोन मिनिटं लागतात. दूध कोमट हवं, बोटाला सोसेल इतकं. मग रात्रभर कोणी राबत नाही, दही आपलं आपण लागतं. थंडीत उशीर लागतो. भांडं हलवून बघितलं की मोडतं. आंबोळीच्या पिठाचं, लोणच्याचं तेच. माणसाचा घाम वेगळा आणि वस्तूला लागणारा वेळ वेगळा.

आमच्याकडे म्हणतात ना, शिजेपर्यंत दम धरवतो, निवेपर्यंत धरवत नाही. कैरीच्या लोणच्याची बरणी मुरायच्या आत तीनदा उघडणारी व्यक्ती आमच्या घरी आहे आणि ती पुरुष आहे.

मिरची_ठेचा

विरजण मान्य. पण रात्री झोपताना ते लावायची आठवण कोणाला असते?

पुरणयंत्र

आमच्याकडे मलाच असते. म्हणूनच हे नाव घेतलंय.

थैलीवाला

दहा मिनिटांत किराणा पोचवायचं काम केलंय काही महिने, कॉलेज करता करता. एवढंच सांगतो की कोथिंबीर बारा मिनिटांनी आली म्हणून दारात तोंड वाकडं करणारा माणूस मग फोटो काढत, भाव तपासत पाच मिनिटं दारातच उभा राहतो. त्याला कोथिंबीर नको असते, आकडा हवा असतो. जिने चढताना आणि सिग्नलला तो आकडा आमच्या डोक्यात असतो. आमच्यातले दोघं त्याच नादात पडले, एकाचा हात मोडला.

तंबोरा

बँकेतून निवृत्त झाल्यावर गाणं शिकायला लागलो. मी सांगतो ते संगीत न ऐकणाऱ्यांना रटाळ वाटेल.

विलंबित एकताल बारा मात्रांचा. अतिविलंबित लयीत एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, पूर्ण व्हायला जवळपास मिनिट लागतं. नवशिक्याचं काय होतं? जे काही येतं ते पहिल्या चार मात्रांत गाऊन होतं. मग पुढे आठ मात्रा आ वासून उभ्या. तबला शांतपणे चाललेला असतो, आपल्याला मात्र आता काय म्हणावं कळत नाही, मग घाबरून मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, पकडायला धावतो आणि समेच्या, म्हणजे पुढच्या फेऱ्याच्या पहिल्या मात्रेच्या, आधीच येऊन पडतो. गुरुजी म्हणतात, "लवकर आलात, बसा, चहा घ्या."

मी समजायचो की मला धीर नाही. त्यांचं म्हणणं वेगळं होतं: तुमच्याकडे सामान नाही. भूपातल्या एका गंधाराकडे किती बाजूंनी जाता येतं, रिषभावरून, पंचमावरून, धैवतापासून उतरत, तो किती ठेवायचा, कुठे सोडायचा, हे हाताशी आलं की बारा मात्रा पुरत नाहीत. तेव्हापासून पहाटेचा खर्ज. तानपुरा लावायचा, मंद्र षड्ज धरायचा, दुसरं काही नाही. सुरुवातीला लक्ष सतत घड्याळाकडे जायचं. हळूहळू ऐकू यायला लागलं की आपला सा तारेपेक्षा किंचित उतरलाय, श्वास संपताना थरथरतोय, जवारी (तारेला झणकार देणारी घोडीची घासणी) नीट लागलेली असली की तारेतून गंधारही डोकावतो. ऐकायला इतकं काही असल्यावर कंटाळा यायला जागाच राहत नाही.

तानपुऱ्याचीही थोडी कथा आहे. आमचा मिरजेचा. तिथल्या सतारमेकर मंडळींच्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पंढरपूर भागातून येणारा मोठा भोपळा आधी पुरता वाळू द्यावा लागतो, मगच त्याला हात लावतात. जवारी काढणं तर कानाचं काम. घोडीवर कानस फिरवायची, तार वाजवायची, ऐकायचं, पुन्हा फिरवायची. कानस एकदा जास्त फिरली तर ती परत येत नाही.

अवांतर: उस्ताद अमीर खाँसाहेबांचा झुमरा तालातला विलंबित ख्याल ऐका. गाण्याकडे नंतर लक्ष द्या, आधी फक्त तबलजीकडे द्या. चौदा मात्रांचा ठेका, इतक्या संथ लयीत, मध्ये हात दाखवायची ऊर्मी आवरून, साधा सरळ. खरा दम त्याचा.

सहज_सुचलं

'धीर नाही' नव्हे, 'सामान नाही'. हे मला लहान मुलांबरोबर फिरायला जातानाही दिसतं. दीड वर्षाच्या भाचीला कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत न्यायला अर्धा तास लागतो, कारण वाटेत तिला मुंग्या, नळाचं झाकण आणि मांजर असं सगळं दिसत असतं. मला फक्त दुकान दिसत असतं.

अधिष्ठान

धागाकर्त्याची क्षमा मागून नियम मोडतो. इगतपुरीला धम्मगिरीवर दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलं आहे. पहाटे चारला घंटा, आर्य मौन, फोन जमा, शुल्क नाही. पहिले तीन दिवस नुसता श्वास. चौथ्या दिवशी विपश्यना देतात, म्हणजे अंगातल्या संवेदना नुसत्या बघायला शिकवतात, आणि मग तासाच्या काही बैठका हातपाय न हलवता, डोळे न उघडता. गुडघा पेटतो. पाठीत कोणीतरी खिळा ठोकतंय असं वाटतं. आणि मग कधीतरी लक्षात येतं की कळ एकसारखी नाही. ती वाढते, सरकते, विरते, पुन्हा येते. 'असह्य' म्हणून जो एक गोळा होता तो सुटा होतो.

मी हे 'ध्यान करा' म्हणून लिहीत नाही. घरी आल्यावर सकाळ-संध्याकाळ एक-एक तास बसायला सांगतात, ते माझ्याकडून होत नाही. पण एक गोष्ट टिकली. सिग्नलला मागचा हॉर्न वाजवतो तेव्हा छातीत काय होतं ते कळतं. राग येतोच. येताना दिसतो.

तिरकस

मागचा हॉर्न वाजवणारा मी असतो. मला अजून काही दिसलेलं नाही.

सांजवेळ

बोबडे_बोल यांचं वाचून लिहावंसं वाटलं. बाबांना पार्किन्सन्स आहे. चालता चालता दारात थिजतात. पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. अरुंद दार, वळण, आणि मुख्य म्हणजे घाई, ही त्याची नेहमीची कारणं. लिफ्टचं दार मिटायला लागलं, की "चला बाबा, पटकन" हे शब्द तोंडातून सुटतात आणि त्या शब्दांनीच ते अधिक अडकतात. त्यांना हात धरून ओढायचं तर मुळीच नाही, तोल जातो.

फिजिओथेरपिस्टने शिकवलं ते असं: आधी पूर्ण थांबायचं. वजन एका पायावरून दुसऱ्यावर झुलवायचं. मग ठेका. "एक-दोन, एक-दोन", नाहीतर टाळ्या. काहींना जमिनीवर आडव्या पट्ट्या चिकटवल्या की त्यांवरून पाऊल टाकता येतं. बाबा गावच्या भजनात टाळ वाजवायचे. त्यांना आकड्यांपेक्षा भजनाचा ठेका लागू पडतो. मी दारात उभी राहून तोंडाने टाळ वाजवते आणि ते उंबरा ओलांडतात. सोसायटीतल्या लोकांना आता सवय झाली आहे.

पण मला संयमी म्हणू नका, प्लीज. नातेवाईक म्हणतात तेव्हा चीड येते. मी न्हाणीघरात नळ सोडून रडलेली आहे. दिवसा येणाऱ्या मावशी माझ्यापेक्षा शांत असतात, कारण संध्याकाळी त्या घरी जातात. भावाने महिन्यातला एक आठवडा बाबांना सांभाळायचं ठरवलं तेव्हा माझा आवाज उतरला. त्याआधी मी पुस्तकं वाचली होती, प्राणायाम केला होता. जो फरक पडला तो त्या आठवड्याने.

आणि एक व्यवहाराचं: डॉक्टरांकडे जायची वेळ अकराची असली तर आमच्या घरात ती साडेदहाची आहे. बाबांना खरी वेळ सांगतच नाही.

काळी_माती

ताई, तुमच्या भावाला आमच्याकडून एक पेंढी कडबा... चुकलो, एक नमस्कार सांगा. गावाकडं तेवढंही कोणी करत नाही.

राईनकाठ

जर्मनीतून. इथे लोक निवांत असतात, संथ जगतात, असं भारतात वाचायला मिळतं. रविवारी दुकानं बंद असतात आणि माणसं खरंच नदीकाठी फिरतात, हे कबूल. पण इथल्या स्वस्त सुपरमार्केटात बिलाच्या पट्ट्यापाशी उभं राहून बघा. कॅशियर बाई वस्तू अशा भिरकावते की पिशवीत भरायला सवडच मिळत नाही, आणि मागचे आजोबा आपली काकडी पुढे सरकवून तुम्हाला वेळेची जाणीव करून देतात. माझी आई आली होती तेव्हा ती त्या बाईला "थांब गं जरा" असं मराठीत म्हणाली. बाई थांबली! मला इतकी वर्षं ते सुचलं नव्हतं.

वळणवाट

राईनकाठ, काकूंना नमस्कार.

बोबडे_बोल, थोडं वैयक्तिक विचारतो. बहिणीचा मुलगा चार वर्षांचा आहे. गेले काही महिने शब्दाचं पहिलं अक्षर तीन-चारदा म्हणतो. आजी-आजोबा, शेजारी, सगळे "सावकाश, सावकाश" करतात. बहीण म्हणते आपोआप जाईल. आजीला कसं समजवायचं आणि किती थांबायचं?

बोबडे_बोल

अडखळणं बहुतेकदा दोन ते पाच या वयात सुरू होतं आणि त्यातल्या बहुसंख्य मुलांचं कमी होत होत थांबतं. त्यामुळे बहीण अगदीच चुकीचं म्हणत नाही. पण कोणाचं थांबेल हे आधी सांगता येत नाही. सहा महिन्यांहून जास्त झालं असेल, घरात आणखी कोणाला असेल, किंवा बोलताना तो डोळे मिटतो, मान ताणतो, शब्द टाळतो असं दिसत असेल तर वाट न बघता दाखवा. मुलग्यांमध्ये ते टिकून राहायचं प्रमाण मुलींपेक्षा जास्त असतं, हेही लक्षात ठेवा. मुंबईजवळ असाल तर वांद्र्याला बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिथे तपासणी होते.

आजीला 'असं म्हणू नका' एवढंच सांगितलंत तर त्यांना वाईट वाटेल आणि त्या गप्प बसतील. त्यांना काम द्या. रोज थोडा वेळ फक्त आजी आणि नातू, टीव्ही बंद, आणि गोष्ट आजीने नेहमीपेक्षा संथपणे सांगायची. मध्ये त्याने काही विचारलं तर मनात एक-दोन मोजून उत्तर द्यायचं. आज्यांना हे आईवडिलांपेक्षा चांगलं जमतं, असा माझा अनुभव आहे. शेजाऱ्यांचं काही करता येत नाही.